अशनी हाती लागल्यावर: नमुना जमा करण्याची आणि त्याच्या मूळ ठिकाणाची नोंद ठेवण्याची पद्धत

1856 साली अमेरिकेच्या ओरेगॉन प्रदेशात सरकारी सर्वेक्षणाचे काम करणारे भूवैज्ञानिक जॉन इव्हान्स यांनी डोंगरातून दगडांचे काही नमुने आणले. त्यांतला एक लहानसा तुकडा तपासणीत पॅलसाइट निघाला. पॅलसाइट म्हणजे लोह-निकेलच्या जाळीत ऑलिव्हिन या खनिजाचे हिरवट-पिवळे स्फटिक अडकलेला, अतिशय दुर्मीळ प्रकारचा अशनी. पोर्ट ऑर्फर्डजवळच्या डोंगरात सुमारे दहा टनांचा खडक जमिनीत अर्धवट रुतलेला असून हा तुकडा त्याचाच आहे, असे इव्हान्स यांनी सांगितले. परंतु 1861 साली ते वारले आणि त्या जागेचा भरवशाचा पत्ता मागे राहिला नाही. पुढे शंभराहून अधिक वर्षे हौशी आणि जाणकार असे दोन्ही प्रकारचे लोक तो खडक शोधत डोंगर पालथे घालत राहिले. अखेर 1993 साली स्मिथसोनियन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो तुकडा दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या आटाकामा वाळवंटात सापडलेल्या इमिलाक या अशनीचा आहे, असा निष्कर्ष निघाला.

दगड खरा होता, त्याचा पत्ता मात्र खोटा होता. अशनीच्या संग्रहात नेमका हाच प्रश्न वारंवार येतो. प्रयोगशाळा दगडाची जात सांगते, तो कोणत्या प्रकारच्या मूळ पिंडातून आला हे सांगते, कधीकधी अवकाशात किती काळ भटकला हेही सांगते. परंतु तो कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी, कोणाच्या हाताने उचलला गेला हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ती माहिती उचलणाऱ्यानेच लिहायची असते, आणि तीही दगड हलवण्यापूर्वी.

शब्दांविषयी एक खुलासा. आकाशात चमकून जाते ती उल्का, आणि वातावरणातून तावून-सुलाखून जमिनीपर्यंत पोहोचतो तो अशनी. पडताना कोणी पाहिलेल्या अशनीला ‘पतन’ आणि पुढे कधीतरी नुसत्याच सापडलेल्या अशनीला ‘शोध’ अशा दोन वेगळ्या वर्गांत नोंदवतात. पतनाची वेळ आणि तारीख ठाऊक असल्यामुळे त्याचे मोल सहसा अधिक असते, म्हणून नोंदीत हा भेद पहिल्याच ओळीत असावा.

आधी कायदा पाहावा

भारतात पडलेल्या किंवा सापडलेल्या अशनींची अधिकृत जपणूक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे, आणि या संस्थेचा मोठा संग्रह कोलकात्यात आहे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एखाद्या शेतात अशनी सापडला, तर तो कपाटात ठेवण्याचा किंवा विकण्याचा विचार बाजूला ठेवून तहसील कार्यालयाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे आणि सर्वेक्षणाच्या कार्यालयापर्यंत माहिती पोहोचेल असे पाहावे. सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे मुख्यालय नागपुरातच आहे. आपल्याकडे खासगी संग्राहकाला मोकळे रान आहे ते परदेशातून रीतसर विकत घेतलेल्या नमुन्यांपुरते, आणि तेथेही निर्यातीचा परवाना हा प्रश्न उरतोच.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी त्या त्या देशाचा नियम स्वतंत्रपणे तपासावा, कारण एका देशाचा नियम शेजारच्या देशात लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियातून अशनी बाहेर नेण्यासाठी 1986 च्या सांस्कृतिक वारसा कायद्यानुसार परवाना लागतो. कॅनडातही निर्यातीवर असेच नियंत्रण आहे. अर्जेंटिनाने 2007 साली अशनींना सांस्कृतिक वारशाचा दर्जा देणारा कायदा केला. अमेरिकेत केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाच्या जमिनीवर हौशी माणसाला वर्षाला 10 पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण साडेचार किलोपर्यंत, अशनी विनापरवाना उचलता येतात, परंतु ते विकता येत नाहीत. राष्ट्रीय उद्यानांत मात्र ही मुभा नाही. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी घ्यावी लागते, आणि ती लेखी असावी. तोंडी परवानगी देणारा माणूस दगडाची किंमत कळल्यावर ती विसरतो, हा जगभरचा अनुभव आहे.

तो खरोखर अशनी आहे का

लोक ‘आकाशातून पडलेला’ म्हणून जे दगड दाखवायला आणतात, त्यांतले बहुतेक पृथ्वीवरचेच असतात. महाराष्ट्रात फसवणारे मुख्य उमेदवार तीन. पहिली लोखंडाची मळी, म्हणजे भट्टीतून निघालेले जड, काळे, भोकाभोकांचे कीट. दुसरा कोकणातला जांभा आणि त्यातले लोहाचे जड गोटे. तिसरा आपला नेहमीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असल्यामुळे तोही चुंबकाला थोडासा ओढला जातो, आणि तेवढ्यावरून पुष्कळांची समजूत पक्की होते.

ताज्या अशनीवर एक-दोन मिलिमीटरहून पातळ, बहुधा काळी, वितळून झालेली साल असते. फुटलेल्या कडेवर ती साल आणि आतला फिकट राखाडी दगड यांच्यातला फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. अंगठ्याने ओल्या मातीत दाबल्यासारखे उथळ खळगे कधीकधी असतात, पण ते नसले म्हणून काही बिघडत नाही. आतल्या भागावर भिंग धरले असता धातूचे चमकते ठिपके आणि पुष्कळदा मोहरीएवढे किंवा त्याहून लहान गोलसर दाणे दिसतात. या दाण्यांना काँड्र्यूल म्हणतात, आणि ते ज्यात असतात तो काँड्राइट हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार होय. उलट वायूचे बुडबुडे गोठल्यासारखी भोके दिसली, तर बहुधा ती मळी किंवा लाव्हा असते. स्वच्छतागृहाच्या फरशीची चकाकी नसलेली मागची बाजू घेऊन तिच्यावर दगड घासावा: तांबूस-तपकिरी रेघ उमटली तर हेमॅटाइट, ठळक काळी रेघ उमटली तर मॅग्नेटाइट असण्याची शक्यता मोठी. अशनीची रेघ सहसा उमटत नाही, किंवा अगदी फिकट राखाडी येते. ही चाचणी मात्र सालीवर करू नये. तुटक्या कोपऱ्यावर आणि एकदाच करावी.

अशनी ओळखण्यासाठी चुंबक लावून पाहा, हा सगळ्यांनी वर्षानुवर्षे दिलेला सल्ला आता बदलायला हवा. मोरोक्कोच्या बाजारातून आलेल्या, ‘ब्लॅक ब्युटी’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या एनडब्ल्यूए 7034 (एनडब्ल्यूए म्हणजे नॉर्थवेस्ट आफ्रिका) या मंगळावरच्या अशनीच्या तुकड्यांमध्ये मंगळाच्या प्राचीन चुंबकीय क्षेत्राची खूण शिल्लक असण्याची आशा होती. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की शोधणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी ओळख पटवण्यासाठी लावलेल्या हातातल्या चुंबकांनी तपासलेल्या तुकड्यांमधली ती खूण पुसून टाकली होती. अब्जावधी वर्षे टिकलेली गोष्ट एका क्षणात गेली. म्हणून निओडिमियमचे जोरदार चुंबक दगडाला टेकवू नयेत. साधे होकायंत्र सपाट ठेवून दगड हळूहळू जवळ न्यावा आणि सुई हलते का एवढेच पाहावे. आणि नोंदवहीत ‘चुंबक लावला / लावला नाही’ असा रकाना ठेवून त्यात खरे तेच लिहावे.

उचलण्यापूर्वीची दहा मिनिटे

22 मे 2012 रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात अशनींचा वर्षाव झाला. संत्र्यांच्या बागांचा हा मुलूख. तेथून गोळा झालेल्या तुकड्यांचे एकूण वजन सुमारे 13 किलो भरले, आणि तो एल-6 जातीचा, म्हणजे लोह कमी असलेल्या एल गटातला, काँड्राइट ठरला. पुढे 2021 साली याच काटोलच्या दगडात ब्रिजमनाइट या खनिजाचे सूक्ष्म कण सापडल्याचे प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या पोटात, खालच्या प्रावरणात, सर्वांत विपुल असूनही आपल्या हाती जवळजवळ कधीच न लागणारे असे हे खनिज आहे. तुमच्या बांधावर उद्या असा तुकडा पडला, तर काय करायचे ते क्रमाने सांगतो.

प्रथम थांबावे. दगड तापलेला असेल, अपाय होईल इतका किरणोत्सर्गी असेल ही भीती निराधार आहे. शेवटचे काही किलोमीटर तो साध्या धोंड्यासारखाच खाली येतो आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत सहसा थंड किंवा कोमट असतो. गर्दी जमायला लागली असेल तर चार काठ्या रोवून दोरी बांधावी. मग छायाचित्रे काढावीत: एक दहा पावलांवरून, ज्यात झाड, विहीर किंवा विजेचा खांब अशी न हलणारी खूण येईल, दुसरे दोन पावलांवरून, तिसरे सरळ वरून, दगडाशेजारी मोजपट्टी आणि उत्तरेकडे टोक करून ठेवलेली पेन्सिल घेऊन. खड्डा झाला असेल तर त्याची लांबी, रुंदी आणि खोली मोजावी, आणि बाहेर उडालेली माती कोणत्या बाजूला जास्त आहे तेही लिहावे, कारण त्यावरून दगड कोणत्या दिशेने आला याचा अंदाज बांधता येतो.

मोबाइलवर स्थान पाहताना अक्षांश-रेखांश दशांश रूपात, पाच दशांश स्थळांपर्यंत टिपावेत. पाचवे स्थळ साधारण एका मीटरचा फरक दाखवते. मोबाइलची स्वतःची चूक पाच-दहा मीटर असू शकते, म्हणून स्थान स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावे आणि मोबाइलने दाखवलेली अचूकताही आकड्यांत लिहावी. आपल्याकडे याला एक उत्तम जोड आहे, ती म्हणजे सातबाऱ्यावरचा गट क्रमांक. गाव, गट क्रमांक, कोणत्या बांधापासून किती पावले, हा पत्ता पन्नास वर्षांनीही तलाठ्याच्या दप्तरात ताडून पाहता येतो. दोन्ही पत्ते लिहावेत, म्हणजे एकात चूक झाली तर दुसरा ती पकडतो.

छायाचित्रांबाबत एक सावधगिरी बाळगावी. व्हॉट्सॲपवर साध्या चित्रासारखे पाठवलेले छायाचित्र आपल्या पोटातली स्थान आणि वेळेची माहिती गमावून बसते. मूळ फाइल कागदपत्र म्हणून पाठवावी किंवा थेट संगणकावर उतरवून घ्यावी, आणि तिला पुन्हा हात लावू नये.

उचलताना आणि त्यानंतरचे काही तास

उघड्या हाताने दगड उचलू नये. घाम आणि तेल यांत असलेली सेंद्रिय द्रव्ये कार्बनयुक्त अशनीच्या रासायनिक तपासणीत सरळ दिसतात. नवे हातमोजे, आणि तेही नसतील तर स्वयंपाकघरातला कोरा ॲल्युमिनियम फॉइल हातात धरून दगड त्यातच गुंडाळावा. मग तो स्वच्छ पिशवीत ठेवून पिशवीवर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक लिहावा. एका पिशवीत एकच तुकडा ठेवावा. दोन तुकडे एकमेकांत बसतात असे दिसले तरी ते जुळवून पाहण्याचा मोह टाळावा, कारण तेवढ्याने कडा झिजतात.

धुणे ही सर्वांत घातक गोष्ट. 6 जून 2017 रोजी जयपूरजवळच्या मुकुंदपुरा येथे पडलेला अशनी कार्बनयुक्त आणि ठिसूळ जातीचा होता. असा दगड नळाखाली धरला, किंवा पूजेसाठी त्यावर पाण्याची धार सोडली, तर त्यातली विरघळणारी द्रव्ये वाहून जातात आणि दगडही भुरभुरतो. पडलेल्या दगडाला लोक हळद-कुंकू वाहतात, नारळ फोडतात, यात नवल नाही; त्यांच्यावर ओरडण्यापेक्षा आधी एखादा तुकडा बाजूला काढून ठेवावा आणि मग उरलेल्याची पूजा होऊ द्यावी, हा माझ्या मते अधिक व्यवहार्य मार्ग आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पतन झाले असेल तर पहिल्या सरीपूर्वी जेवढे तुकडे मिळतील तेवढे खरे.

वेळेचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. अवकाशातल्या विश्वकिरणांच्या माऱ्यामुळे दगडात काही मूलद्रव्यांची अल्पायुषी किरणोत्सर्गी रूपे तयार झालेली असतात. त्यांतल्या सोडियम-24 चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, 15 तासांचे, मँगनीज-52 चे साडेपाच दिवसांच्या आसपासचे, स्कँडियम-46 चे 84 दिवसांचे आहे. दगड पंधरवड्यात प्रयोगशाळेत पोहोचला तर यांतली काही मोजता येतात. वर्षभर कपाटात राहिला तर ती माहिती कायमची जाते. म्हणून पिशवीवर उचलल्याची तारीखच नव्हे, तर तासही लिहावा.

साक्षीदारांचे जबाब

1803 साली फ्रान्समधल्या लेग्ल गावाजवळ दगडांचा पाऊस पडला, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ झां-बाप्तिस्त बियो यांना तपासासाठी पाठवण्यात आले. त्यांनी गावोगाव फिरून लोकांना काय दिसले, काय ऐकू आले ते स्वतंत्रपणे विचारले, आणि दगड कोठे कोठे पडले त्याचा नकाशा काढला. दगड आकाशातून पडतात ही गोष्ट विद्वानांनी मान्य करण्यात या अहवालाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडच्या पंचनाम्याची पद्धत याहून फार वेगळी नाही, आणि ज्याला पंचनामा लिहिता येतो त्याला अशनीची नोंदही चांगली जमते.

प्रत्येकाला वेगळे गाठावे. चावडीवर सर्वांसमोर विचारले की दहा माणसांची मिळून एकच गोष्ट तयार होते. ‘कोठे पडला?’ हा प्रश्न कामाचा नाही, कारण दीडशे किलोमीटरवर विझलेला आगीचा गोळाही प्रत्येकाला समोरच्या टेकडीमागेच पडलेला दिसतो. त्याऐवजी त्या माणसाला तो उभा होता त्याच जागी उभे करावे आणि हाताने दाखवायला सांगावे: कोठून सुरू झाला, कोठे विझला. त्या दोन्ही दिशा होकायंत्राने आणि उंचीचा कोन अंदाजाने लिहावा. उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत किती वेळ गेला हे विचारताना सेकंद विचारू नयेत. ‘तेवढ्यात काय काय केलेत ते पुन्हा करून दाखवा’ म्हणावे, आणि घड्याळ लावावे. बैल सोडून गोठ्यापर्यंत नेला, हे मोजता येते. जबाब त्याच्याच शब्दांत लिहावा. ‘विमान फुटल्यागत आवाज झाला’ असे तो म्हणाला असेल, तर त्याचे ‘स्फोटसदृश ध्वनी’ करू नये.

तुकडे अनेक असतील तर प्रत्येकाचे स्थान आणि वजन वेगळे नोंदवून नकाशावर मांडावे. बहुधा ते लंबवर्तुळाकार पट्ट्यात विखुरलेले दिसतात. जड तुकडे हवेच्या विरोधाला अधिक तग धरून पुढे जातात आणि हलके मागे राहतात. वजनांचा हा चढ-उतार कागदावर दिसला, की पुढचा तुकडा कोठे शोधायचा तेही कळते. ‘शेतातून चौदा तुकडे, एकूण 6 किलो’ अशी एकत्रित नोंद केली तर हे सगळे हातचे जाते.

वही, क्रमांक आणि चिठ्ठी

जागेवरची नोंद बांधीव वहीत, बॉलपेनने करावी. सुटे कागद हरवतात आणि जेलपेनची शाई पावसात पसरते. चुकले तर खोडून टाकू नये. एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहावी, म्हणजे आधी काय लिहिले होते तेही वाचता येते. नोंद कशी दिसावी याचा एक कल्पित नमुना देतो:

> जागेवरचा क्र. 7. पतन. सापडला: दुसऱ्या दिवशी, सकाळी 7.40. 21.26814 उ., 78.58630 पू., अचूकता 6 मी. गट क्र. 112, पूर्व बांधापासून 14 पावले आत, कोरडी काळी माती, नुकती नांगरलेली. खड्डा 9 × 8 सेंमी, खोली 5 सेंमी, माती वायव्येकडे उडालेली. वजन 212.4 ग्रॅम. साल सुमारे 80 टक्के, एक कोपरा तुटका, तुटलेला भाग सापडला नाही. चुंबक लावला नाही. धुतला नाही. शेतमालकाने हाताने उचलून पुन्हा त्याच जागी ठेवला होता. छायाचित्रे 31 ते 36.

यातली सर्वांत मोलाची ओळ बहुधा ‘पुन्हा त्याच जागी ठेवला होता’ ही आहे. अशी ओळ लिहायला संकोच वाटतो, कारण तिच्यामुळे नोंद डागाळल्यासारखी दिसते. परंतु पुढे दगडावर बोटांचे तेल सापडले, तर तपासणाऱ्याचे महिने त्या एका ओळीमुळे वाचतात.

घरी आल्यावर कायमचा क्रमांक द्यावा. दगडावर थेट शाईने लिहू नये. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक राळेचा नखाएवढा पातळ थर आधी देतात, त्यावर बारीक निबने क्रमांक घालतात आणि वरून आणखी एक थर देतात. हा थर ॲसिटोनने निघतो, त्यामुळे दगडाला इजा होत नाही. जागा निवडताना चांगली साल आणि ताजी फुटलेली बाजू सोडून एखादा आधीच झिजलेला भाग घ्यावा. कार्बनयुक्त किंवा अगदी लहान तुकड्यावर काहीच लिहू नये; त्याची डबीच क्रमांकाची असावी. अमेरिकेतले हार्वे निनिंजर यांनी गेल्या शतकात आयुष्यभर अशनी जमवले. त्यांच्या संग्रहाचा एक भाग 1958 साली ब्रिटिश म्युझियमकडे आणि उरलेला 1960 साली ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीकडे गेला. त्यांनी दगडावर हाताने घातलेला रंगीत क्रमांक आज दिसला, की तो तुकडा कोणत्या नोंदीतला आहे हे शोधता येते. क्रमांक खरवडून दगड ‘स्वच्छ’ करणारे महाभाग आजही भेटतात.

चिठ्ठी आणि दगड कधीही वेगळे होऊ देऊ नयेत. हे सांगण्याचा अधिकार मला एका चुकीने मिळाला आहे. काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात, डब्यांतली ओलावा शोषणारी सिलिका जेल ओली झाली म्हणून मी अशनीच्या दोन पातळ चकत्या एकाच वेळी बाहेर काढून वाळत ठेवल्या. चिठ्ठ्या झाकणांच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या होत्या, आणि मी झाकणेही शेजारी शेजारी ठेवली. परत भरताना कोणते झाकण कोणाचे ते कळेना. दोन्ही साध्या काँड्राइटच्या, एकाच करड्या रंगाच्या, आणि चिठ्ठ्यांवर वजने 11.62 व 11.88 ग्रॅम. माझा स्वयंपाकघरातला काटा पूर्ण ग्रॅमच दाखवतो; त्याने दोन्हींचे 12 सांगितले. नंतर चांगला काटा आणून वजन केले तेव्हा इतक्या वेळच्या हाताळणीत एकीची कड झडलेली, त्यामुळे आकडे कोणत्याच चिठ्ठीशी खात्रीने जुळेनात. आज त्या दोन्हींच्या नोंदीत ‘या दोनांपैकी एक’ असे लिहिलेले आहे. शंभराव्या भागापर्यंत मोजणारा काटा फार महाग नसतो, आणि प्रत्येक चकतीच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र तर फुकटच निघते. तडे, धातूचे ठिपके आणि कडेचा आकार हा चकतीचा अंगठ्याचा ठसाच असतो.

अधिकृत नाव कसे मिळते

अशनींना नावे देण्याचे काम आंतरराष्ट्रीय मीटिओरिटिकल सोसायटीच्या नामकरण समितीकडे आहे. नाव सामान्यतः जवळच्या गावावरून किंवा ठळक भौगोलिक खुणेवरून दिले जाते. बिहारमधल्या शेरघाटी येथे 25 ऑगस्ट 1865 रोजी पडलेल्या दगडाचे नाव शेरगोटी असे लिहिले गेले, आणि आज जगभरच्या मंगळी अशनींचा एक मोठा गट शेरगोटाइट या नावाने ओळखला जातो. एका गावाचे नाव अशा रीतीने मंगळापर्यंत पोहोचते, ते पतनाची नोंद नीट राहिली म्हणूनच.

समितीकडे प्रस्ताव जाण्यापूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत वर्गीकरण व्हावे लागते आणि नमुन्याचा काही भाग संशोधनासाठी संस्थेत कायमचा ठेवावा लागतो. हा भाग एकूण वजनाच्या 20 टक्के किंवा 20 ग्रॅम, यांपैकी जो कमी असेल तेवढा असतो. म्हणजे 60 ग्रॅमच्या दगडातून 12 ग्रॅम द्यावे लागतात, 5 किलोच्या दगडातून 20 ग्रॅम. मंजुरीनंतर नाव, स्थान, वजन आणि जात मीटिओरिटिकल बुलेटिनच्या सार्वजनिक नोंदसंग्रहात येतात. कोणत्याही नमुन्याविषयी शंका आली की प्रथम पाहायचे ते हेच.

विकत घेताना

मोरोक्कोतली एर्फूद आणि रिस्सानी ही गावे सहारातून येणाऱ्या अशनींच्या व्यापाराची मोठी ठिकाणे आहेत. दगड वाळवंटात कोणाला तरी मिळतो, तो उंटावरून वा गाडीतून दोन-तीन हात बदलत बाजारात येतो, आणि तोवर तो मोरोक्कोचा की अल्जीरियाचा की मालीचा हे कोणालाच नक्की माहीत नसते. अशा दगडांसाठी ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका’, म्हणजे एनडब्ल्यूए, आणि पुढे क्रमांक अशी नावे देण्यात आली. हे नाव म्हणजे पत्ता हरवल्याची प्रामाणिक कबुली आहे, आणि ती तशीच वाचावी. एनडब्ल्यूए 869 या नावाने विकले जाणारे तुकडे त्याचे बोलके उदाहरण आहेत: मूळ अशनी मोठा आणि खरा, पण त्याच्या नावावर बाजारात इतर कितीतरी निनावी काँड्राइट खपवले जातात.

पत्ता असला म्हणून वाद संपतोच असेही नाही. एनडब्ल्यूए 16788 असे नाव असले तरी जागा ठाऊक असलेला 24.67 किलोचा मंगळी अशनी 2023 च्या नोव्हेंबरमध्ये नायजर देशाच्या आगादेझ भागात सापडला, आणि जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावगृहात शुल्कासह सुमारे 53 लाख डॉलरला विकला गेला. त्यानंतर नायजर सरकारने तो देशाबाहेर कसा गेला याची चौकशी सुरू केली. इतक्या मोलाच्या दगडाबाबत असे होते, तर आपल्या दोन-पाच हजारांच्या चकतीचे कागद नीट असावेत ही अपेक्षा फाजील नाही.

विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी मागाव्यात: अधिकृत नाव आणि ते मंजूर आहे की केवळ प्रस्तावित, विक्रेत्याने दगड कोणाकडून आणि कोणत्या वर्षी घेतला, ज्या देशातून तो निघाला तेथील निर्यात परवाना, जेथे लागू असेल तेथे, त्या विशिष्ट तुकड्याचे वजन आणि छायाचित्र. ‘एका जुन्या संग्रहातून’ हे उत्तर पुरेसे नाही. कोणाच्या, हे विचारावे. ‘खरेपणाचे प्रमाणपत्र’ नावाचा रंगीत कागद विक्रेत्याच्या नावाइतकाच भारदस्त असतो, त्याहून नाही. जुन्या संग्रहाची मूळ चिठ्ठी सोबत येत असेल तर ती फाटकी, डागाळलेली असली तरी नव्या छापील चिठ्ठीपेक्षा मोलाची, म्हणून ती आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून दगडाबरोबरच ठेवावी. पावती, पत्रव्यवहार आणि सीमाशुल्काचे कागद यांच्या प्रती त्याच क्रमांकाच्या फाइलमध्ये जाव्यात.

कापणे, जपणे, पुढे देणे

कापणे शक्यतो टाळावे. कापावेच लागले तर पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे आणि कापण्यापूर्वीचे वजन, प्रत्येक तुकड्याचे वजन, तसेच पात्याने खाल्लेला भुगा यांचा हिशेब लिहावा. 142.6 ग्रॅमच्या दगडाचे 71.3 आणि 60.9 ग्रॅमचे दोन तुकडे झाले, तर 10.4 ग्रॅम कोठे गेले हे वहीला सांगता आले पाहिजे. तुकड्यांना मूळ क्रमांकापुढे अ, ब अशी अक्षरे द्यावीत, नवे क्रमांक नव्हे.

कोकणात आणि मुंबईत लोहयुक्त अशनी टिकवणे हे जवळजवळ पूर्णवेळ काम आहे. क्लोराइड आणि दमट हवा मिळाली की धातूला आतून गंज चढतो, पृष्ठभागावर तपकिरी थेंब येतात आणि चकती पापुद्र्यांनी सुटते. अर्जेंटिनाचा कॅम्पो देल सिएलो स्वस्तात मिळतो, म्हणून पुष्कळांचा पहिला नमुना तोच असतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात तो रडवतो. घट्ट झाकणाचा डबा, रंग बदलणारी सिलिका जेल, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी रंग पाहण्याची सवय एवढे पुरे होते. जेल भाजून वाळवताना डबे एकेक करून उघडावेत. दोन एकदम का उघडू नयेत ते वर सांगितले आहेच.

वहीची पाने दरवर्षी स्कॅन करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावीत, आणि घरातल्या एका माणसाला तरी वही कोठे असते आणि डब्यांवरचे क्रमांक तिच्याशी कसे जुळतात हे दाखवून ठेवावे. संग्रह पुढे कोणाला द्यायचा ते पहिल्याच पानावर लिहिलेले असावे: संस्थेचे नाव, आणि ‘वहीसह’ हा शब्द.